अंगण मातीचेच ठेव

वर्धा,
माघ शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. जामच्या घराचा ताबा तू घेतलास आणि होळीपूर्वी ओसरी, अंगण व मागची सांदवाडी नीटनेटकी करण्याचा तुझा मनोदय आहे, हे वाचून फार समाधान वाटले. मात्र हमरस्त्यावरच्या धुळीला कंटाळून सबंध अंगणावर सिमेंटचा कोबा घालण्याचा जो विचार तू कळवला आहेस, तो अमलात आणण्यापूर्वी माझे म्हणणे एकदा शांतपणे ऐकून घ्यावेस.

आपल्या मुलखात वसंत फार अल्पायुषी असतो. माघात थंडी ओसरते, फाल्गुनात पळस फुलतो, कडूनिंब जुनी पाने टाकून नवी पालवी धरतो, आणि तिकडे नीट पाहावे तोवर उन्हाची तलखी सुरू होऊन वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर जातो. म्हणून या दिवसांत घराच्या बाह्यांगाची जी मरम्मत आपण करतो, ती वस्तुतः पुढच्या उन्हाळ्याची आणि त्यामागून येणाऱ्या मृगाची तजवीज असते. आणि मातीत थोडी ओल आहे तोवरच ती उरकावी लागते, कारण चैत्रानंतर तिथे कुदळही धड चालत नाही.

हिंगणघाटकडच्या साऱ्या पट्ट्याप्रमाणे जामची जमीन काळी, कपाशीची आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात अशी आकसते, की तिला पडलेल्या भेगांत सहज हात जावा. जुन्या लोकांनी वस्ती पांढरीवर केली आणि काळी शेतीसाठी राखली, ती याच अनुभवाने. आपले घर मात्र जुन्या गावठाणात नाही. रस्त्याच्या सोयीने ते शेताच्या कडेला, काळ्या मातीवर बांधले गेले. अशा जमिनीवर घातलेला पातळ कोबा एकदोन पावसाळ्यांतच जागोजागी उचलला जातो व तडकतो, तो दिवसभर शोषलेली उष्णता रात्री ओसरीवर सोडतो, आणि ज्या कडूनिंबाच्या सावलीवर त्या घराचा उन्हाळा निभावतो, त्याच्या मुळांचे पाणीही तोडतो. पैसा खर्चून हा उपद्रव विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुझे खरे लक्ष जोत्याकडे हवे. जोत्याभोवती एकदा सावकाश फिरून पाहा. माती भिंतीपासून सुटून बोटभर फट पडलेली तुला आढळेल. पहिल्या पावसाचे पाणी याच फटीतून पायाखाली उतरते, तिथली माती एका अंगाने फुगते आणि भिंतीच्या कोपऱ्यावर तिरपी चीर उमटते. ती चीर वरून कितीदा लिंपली तरी पुन्हा उघडते, कारण दुखणे खाली असते. तेव्हा फट खरवडून साफ कर, तीत मुरूम भरून पाणी शिंपीत धुम्मसाने ठोकून घे, आणि सिमेंट वापरायचेच असेल तर ते इथे वापर : जोत्यालगत दोन हात रुंदीची फरशी बाहेरच्या उताराने बसव. मग घागरभर पाणी भिंतीशी ओतून ते कुठे वाहते ते स्वतः पाहा, गवंड्याच्या शब्दावर विसंबू नकोस.

उरलेल्या अंगणाची वरची माती खणून, ढेकळे फोडून, मुरूम व पांढरी माती मिसळून चोपून घ्यावी आणि वर शेणाचा सडा घालावा, म्हणजे घरची धूळ बसेल. रस्त्याची धूळ अडवायला कुंपणालगत मेंदी किंवा अडुळसा लावावा. लावणी पावसाळ्यातच करायची, पण खड्डे आताच खणून उन्हात तापू द्यावेत.

स्वयंपाकघरामागची मातीची भिंत पाडण्याची घाई करू नये. १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले. तिथली बापू कुटी माती, बांबू व कवेलूंचीच असून मीराबहेनने तिच्या भिंतींवर मातीनेच उठवलेली ताडाची झाडे आजही पाहता येतात. अशा भिंतीस दरसालची निगा तेवढी लागते. गव्हाचे कुटार मातीत कालवून काही दिवस कुजू द्यावे, भिंत ओली करून त्याचा गिलावा द्यावा, आणि तो पुरता वाळल्यावर भिजवून गाळलेल्या कळीच्या चुन्याचे पातळ हात द्यावेत. जाड हात दिला तर पोपडे सुटतात.

सांदवाडीतल्या लिंबाच्या बुंध्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी या प्रमाणात कालवलेला लेप लाव. आपल्या भागातले संत्र्याचे बागाईतदार हेच करतात. मोरचूद व चुना प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत, लोखंडाचे भांडे घेऊ नये. कडूनिंबाचा पाचोळा जाळू नकोस, झाडांच्या आळ्यांत पसर.

एका बाबतीत मात्र हयगय चालणार नाही. मागच्या भिंतीला टेकून पऱ्हाट्यांची जी गंजी रचली आहे, ती होळीच्या आत हलव. वाऱ्याच्या दिवसांत ठिणगी पडायला वेळ लागत नाही, विंचूकाट्याचे भय वेगळेच. शिवाय उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भाच्या कपाशीची केलेली दैना तू पाहिलीच आहेस. चुलीपुरत्या पऱ्हाट्या लांब, उघड्यावर ठेव; बाकीच्यांचे बारीक तुकडे करून खतात घाल.

कवेलू फेरण्याचे काम वैशाखापर्यंत थांबू शकेल. पण फुटके तेवढे आताच बदल, कारण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात झाली तशी गारपीट ऐन या दिवसांतही होते. मुरूम किती ब्रास लागेल ते मोजून कळव. निम्मा खर्च मी देईन. वहिनींस सा. नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
काका