व्यावसायिक वाहनचालकाची अनुज्ञप्ती : पात्रता, पायऱ्या आणि जबाबदारी

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तेव्हापासून खेड्यापाड्यांच्या जीवनात मोटारचालकाला एक विशेष स्थान प्राप्त झाले आहे. शेतमाल बाजार समितीत पोहोचतो तो त्याच्या हातून. ऊस कारखान्यावर जातो, मुले शाळेत जातात आणि टंचाईच्या दिवसांत पाण्याचा टँकर वाडीवर येतो, तेही त्याच्याच भरवशावर. थोड्या भांडवलात आणि थोड्या शिक्षणात अंगी येणारा, घरात नियमित वेतन आणणारा हा व्यवसाय असल्याने ग्रामीण तरुणांचा त्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे.

तथापि, गाडी चालविता येणे आणि ती चालविण्याचा कायदेशीर अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद वेळीच न कळल्यामुळे कित्येक तरुणांची उमेदीची वर्षे वाया जातात. अपघात घडल्यास नुकसानभरपाईचा बोजा थेट मालकाच्या डोक्यावर येऊन पडतो, आणि तो मालक कधी एखादी ग्रामपंचायत किंवा शिक्षण संस्थाही असू शकते. म्हणूनच हा विषय चालकाप्रमाणेच गावच्या कारभाऱ्यांनी आणि शिक्षकांनीही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याचा आधार

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाची जागा घेणारा मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. अनुज्ञप्तीची तपशीलवार कार्यपद्धती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिलेली असून राज्यापुरत्या बाबी महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. २०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने यांतील अनेक तरतुदी बदलल्या. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून राहणे इष्ट नाही.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. बोलीभाषेत आपण 'लायसन' आणि 'परवाना' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. शासकीय परिभाषेत मात्र चालकाला मिळते ती 'अनुज्ञप्ती' आणि वाहनाला भाड्याने धावण्यासाठी मिळतो तो 'परवाना'. वाहनाचा परवाना हाती असला म्हणजे चालकाची अनुज्ञप्ती असलीच, असे होत नाही. दोन्ही कागद स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

कोणत्या वाहनासाठी कोणती अनुज्ञप्ती?

भाड्याने प्रवासी वा माल नेणारी वाहने, तसेच शैक्षणिक संस्थांच्या बसगाड्या यांना कायदा 'परिवहन वाहन' म्हणतो. १९९४ पूर्वी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू आणि जड प्रवासी असे चार निरनिराळे वर्ग होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते रद्द होऊन 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग करण्यात आला.

यातून एक प्रश्न उद्भवला व तो दीर्घकाळ न्यायालयांपुढे राहिला. ज्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती आहे, त्याने लहान टेम्पो किंवा टॅक्सी चालविल्यास ते वैध मानावे काय? हलके मोटार वाहन याची व्याख्या वजनावर आधारलेली आहे. परिवहन वाहनाचे भारासह एकूण वजन, अथवा मोटारगाडी व ट्रॅक्टर यांचे भाराविना वजन ७,५०० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी ती व्याख्या आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणि नंतर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, असा निर्णय दिला की या मर्यादेतील परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते. त्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. परिवहन वाहनाविषयीच्या अधिक कडक अटी ७,५०० किलोग्रॅमवरील, म्हणजे मध्यम व जड वाहनांनाच सर्वसाधारणपणे लागू होतात. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि घातक मालाची वाहने यांच्या विशेष तरतुदी मात्र कायम आहेत.

तात्पर्य, गावातील कचरा वाहणारी छोटी गाडी हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालू शकेल. परंतु मोठा ट्रक, मालमोटारीवर बसविलेला मोठा टँकर किंवा मोठी बस यांसाठी 'परिवहन वाहन' ही नोंद असलेली अनुज्ञप्ती अपरिहार्य आहे. यापुढील विवेचन प्रामुख्याने या दुसऱ्या गटाविषयी आहे.

पात्रतेच्या अटी

पहिली अट वयाची. साधे मोटार वाहन चालविण्यास १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. परिवहन वाहनासाठी ही मर्यादा २० वर्षे आहे. दुसरी अट अनुभवाची. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष धारण केलेली असल्याखेरीज परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्तीही मिळत नाही.

या दोन अटी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांचे महत्त्व ध्यानात येते. समजा, एका तरुणाने १८ वर्षे पूर्ण होताच हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती घेतली. विसाव्या वर्षापर्यंत त्याची एक वर्षाची अट सहज पुरी झालेली असते, आणि वीस वर्षे पूर्ण होताच तो पुढील अर्ज करू शकतो. त्याच्याच वर्गातील दुसऱ्या तरुणाने चालक होण्याचे विसाव्या वर्षी ठरविले व तेव्हा प्रथमच अनुज्ञप्ती काढली, तर त्याला आणखी एक वर्ष थांबावे लागेल. दोघांची योग्यता सारखी असूनही केवळ माहितीच्या अभावी एकाच्या हातची वर्षभराची कमाई जाते. बारावीच्या वर्गात शिक्षकाने पाच मिनिटे खर्च करून ही गोष्ट सांगितली, तरी हे नुकसान टळू शकेल.

तिसरी बाब शिक्षणाची. परिवहन वाहनासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट पूर्वी होती. ती २०१९ मध्ये वगळण्यात आली आहे. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणाने या कारणास्तव मागे फिरू नये, आणि कोणी प्रमाणपत्र मिळवून देण्याच्या नावाखाली पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. अर्थात, अट गेली तरी रस्त्यावरील चिन्हे, सूचना व कागदपत्रे समजण्याची गरज गेलेली नाही.

चौथी अट शारीरिक पात्रतेची. परिवहन वाहनाच्या अर्जासोबत नमुना क्रमांक १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. दृष्टी, श्रवणशक्ती, अपस्मार, रातांधळेपणा इत्यादी बाबींची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीच्या पाटीवरील क्रमांक वाचता यावा, हा दृष्टीचा एक निकष असून त्यासाठी चष्मा वापरण्यास हरकत नाही. सौम्य व मध्यम स्वरूपाच्या रंगांधतेबाबतचे नियम २०२० मध्ये शिथिल करण्यात आले. ही तपासणी केवळ सही-शिक्क्यापुरती उरकली गेली, तर तिचा हेतूच विफल होतो.

शिकाऊ अनुज्ञप्ती आणि प्रशिक्षण

अर्ज 'सारथी' या शासकीय संगणक प्रणालीवर करावयाचा असतो. वयाचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. वयाच्या पुराव्यासाठी अनेकदा शाळा सोडल्याचा दाखला सादर केला जातो. दाखल्यावरील नाव वा जन्मतारीख आणि आधारपत्रावरील नोंद यांत तफावत असली, तर पुढे अडचण उद्भवते. दाखला देतानाच या नोंदी पडताळून पाहिल्यास विद्यार्थ्याचे अनेक हेलपाटे वाचतील.

शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी वाहतुकीचे नियम, चिन्हे व चालकाची कर्तव्ये यांवर प्राथमिक चाचणी होते. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. ही अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते. या काळात शेजारी वैध अनुज्ञप्तीधारक प्रशिक्षक असणे, आणि वाहनावर पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडे 'एल' अक्षर लावणे बंधनकारक आहे.

परिवहन वाहनाच्या उमेदवाराला मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचे नमुना क्रमांक ५ मधील प्रमाणपत्र द्यावे लागते. हे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असून त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे किमान १५ तास अपेक्षित आहेत. १ जुलै २०२१ पासून अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू झाली आहे. तेथील मध्यम व जड वाहनांचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत पुरा करावयाचा असतो. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था असून चालकांच्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाचे कार्य तेथे चालते.

पक्की अनुज्ञप्ती

शिकाऊ अनुज्ञप्तीला ३० दिवस पूर्ण झाल्यानंतर चाचणी देता येते. ज्या प्रकारच्या वाहनाची अनुज्ञप्ती हवी, त्याच प्रकारच्या वाहनावर मोटार वाहन निरीक्षक परीक्षा घेतात. निघण्यापूर्वी वाहनाची पाहणी, चढावर गाडी थांबवून पुन्हा चालू करणे, मागे घेणे, वळणे, हाताने व दिव्याने इशारे देणे, संकटप्रसंगी गाडी थांबविणे या गोष्टी त्यात पाहिल्या जातात. अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा संधी मिळते. तीन वेळा अपयश आल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते व उपचारात्मक प्रशिक्षणही घ्यावे लागते.

केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ अनुज्ञप्तीचे १५० रुपये, चाचणीचे ३०० रुपये आणि अनुज्ञप्तीचे २०० रुपये असे मूळ शुल्क २०१६ च्या अखेरीस ठरविण्यात आले. त्यावर सेवाशुल्क आकारले जाते. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळते. ज्या रकमेची पावती मिळत नाही, ती रक्कम शुल्क नव्हे, हे अर्जदाराने ओळखावे.

रिक्षा, टॅक्सी, बस यांसारख्या सार्वजनिक सेवा वाहनांच्या चालकास राज्याच्या नियमांप्रमाणे प्राधिकारपत्र व बिल्ला घ्यावा लागतो. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस इत्यादी घातक माल वाहून नेणाऱ्या चालकासाठी तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण आणि तशी नोंद आवश्यक आहे.

मुदत व नूतनीकरण

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे, तर घातक मालासाठीची मुदत एक वर्षावरून तीन वर्षे करण्यात आली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून करता येतो. मुदत संपल्यावर वर्ष उलटून गेल्यास चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असे. ती आता राहिलेली नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर आणणारा चालक कायद्याच्या दृष्टीने अनुज्ञप्तीविना गाडी चालवीत असतो.

मालकाची जबाबदारी

अनुज्ञप्ती नसलेल्या व्यक्तीच्या हाती वाहन देणे हा स्वतंत्र अपराध आहे. चालकाला व मालकाला प्रत्येकी तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु दंडापेक्षाही मोठा धोका नुकसानभरपाईचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विमा कंपनी व त्रयस्थ जखमी यांच्या संबंधांविषयी दिलेल्या निर्णयाचा आशय असा की, मालकाने चालकाच्या अनुज्ञप्तीबाबत योग्य काळजी घेतली नसल्याचे कंपनीने सिद्ध केल्यास, जखमीला दिलेली रक्कम तिला मालकाकडून वसूल करता येते. वाहन ग्रामपंचायतीचे असेल, तर ती वसुली अखेरीस गावाच्या निधीवर येऊन पडते. मृताच्या कुटुंबाला आधार मिळतो, पण गावच्या पाण्याचे वा दिव्याचे काम अडून राहते.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत कायदा अधिक कठोर आहे. १८ वर्षांखालील मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती नाही, अशी तरतूद २०१९ पासून आहे. हंगामाच्या घाईत सोळा वर्षांच्या मुलाला ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर धाडणाऱ्या बापाने हे जाणून घ्यावे. ज्या व्यवसायाची त्याला हौस आहे, त्याच व्यवसायाचे दार त्याच्यासाठी कित्येक वर्षे बंद होऊ शकते.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायतीने आपल्या व कंत्राटी वाहनांच्या चालकांची एक नोंदवही ठेवावी. तीत अनुज्ञप्तीचा क्रमांक, वाहनाचा वर्ग व मुदत संपण्याची तारीख लिहावी, आणि मासिक सभेत ती एकदा पाहावी. केवळ छायाप्रतीवर समाधान न मानता शासकीय संगणक प्रणालीवर अनुज्ञप्तीची पडताळणी करावी.

शाळांच्या बाबतीत राज्याचे शालेय बसविषयक नियम २०११ पासून लागू आहेत. त्यांनुसार मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. या समितीने शाळेच्या बसचा चालक बदलला की त्याच दिवशी नव्या चालकाचे कागद पाहण्याचा प्रघात पाडावा. शिक्षकांनी बारावीतील विद्यार्थ्यांना वय व अनुभव यांचे गणित समजावून सांगावे. हा सल्ला मुलींनाही आवर्जून द्यावा, कारण कायद्यातील एकही अट स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही.

अनुज्ञप्ती ही चालकाच्या कौशल्याबद्दल समाजाला दिलेली हमी होय. ती रीतसर मिळविणारा तरुण आपल्या कुटुंबाच्या भाकरीची सोय करतोच, शिवाय त्याच्या गाडीत बसणाऱ्यांच्या आणि रस्त्याने पायी जाणाऱ्यांच्या जिवाचीही काळजी वाहतो. त्याला योग्य वेळी योग्य माहिती देणे, हे काम गावातील प्रत्येक जाणत्या माणसाला करता येण्याजोगे आहे.