मुंबई ते लंडन

समजा, तुमची आपा शिक्षणासाठी लंडनला निघाली आहे. जानेवारी महिना आहे. तिच्या तिकिटावर लिहिले आहे : मुंबईहून निघण्याची वेळ रात्री २.००, लंडनला पोहोचण्याची वेळ सकाळी ६.३०. अम्मी म्हणते, "म्हणजे साडेचार तासांचाच प्रवास! साडेसहा वाजले की मी फोनजवळ बसते."

तुम्ही अम्मीला काय सांगाल?

आधी अंतर पाहा. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. ७,२०० ला ९०० ने भागा. उत्तर आले ८. म्हणजे निदान आठ तास तरी हवेतच. मग साडेचार तासांत आपा कशी पोहोचेल?

खरी गंमत घड्याळात आहे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. लंडनमधील ग्रिनिच शून्य रेखावृत्तावर आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ८२.५ × ४ = ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास. आपण पूर्वेला आहोत, म्हणून आपले घड्याळ पुढे असते. लंडनला सकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेले असतात. रात्री दोन ते दुपारी बारा, असा हा दहा तासांचा प्रवास झाला. उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.

आता परतीचे तिकीट पाहा. लंडनहून सकाळी १०.०० ला निघून विमान मुंबईला रात्री १२.३० ला येते. हिशेब करा. फक्त नऊ तास! अंतर तेच, मग एक तास कुठे गेला? सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात. येताना पुढे ढकलतात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान प्रथमच मुंबईहून लंडनला निघाले. ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले. आज तोच प्रवास न थांबता होतो.

तेव्हा अम्मीला आजच समजावून सांगा. आपल्या घड्याळात सकाळचे साडेसहा वाजतील, तेव्हा आपाचा निम्मा प्रवासही झालेला नसेल. फोन आला नाही म्हणून अम्मीने घाबरू नये. दुपारचे बारा वाजून गेल्यावरच फोनची वाट पाहावी.

शब्दार्थ
प्रमाणवेळ – देशभर मानली जाणारी एकच वेळ
निदान – कमीत कमी
हिशेब – गणित, मोजणी

स्वाध्याय
१. अम्मीचा हिशेब कोठे चुकला?
२. परतीच्या प्रवासाला कमी वेळ का लागतो?
३. जुलै महिन्यात लंडनला सकाळचे ८ वाजले असता भारतात किती वाजले असतील?