बालकांच्या जेवणाच्या तक्रारी

‘मूल काही खातच नाही,’ ही तक्रार पुणे शहरात पेठांतील वाड्यांपासून येरवड्याच्या वस्त्यांपर्यंत ऐकू येते. बहुतेकदा तिच्या मुळाशी भुकेविषयीचा गैरसमज असतो. जन्मवेळचे वजन वर्षभरात साधारणतः तिप्पट होते; दुसऱ्या वर्षी मात्र त्यात दोन-अडीच किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही घटते. हा आजार नव्हे.

उष्टावण थाटात होते. पण त्या दिवशी चाटविलेल्या खिरीनंतर कित्येक घरी पुन्हा केवळ दूधच चालू राहते. वास्तविक सहा महिने पूर्ण होताच स्तनपानाच्या जोडीला मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे द्यावे आणि पुढे घास हळूहळू जाडसर करीत न्यावा. एरवी मूल पोळीचा तुकडा थुंकून टाकते व हट्टी ठरते. एकदा नाकारलेली भाजी वर्ज्य समजू नये. आठ-दहा वेळा पुढे आल्यावर ती बहुधा स्वीकारली जाते.

याहून घातक आहे ती दूध, चहा आणि बिस्किटे यांची साखळी. आई कामावर गेली की मोठी बहीण धाकट्याच्या हाती बिस्किटाचा पुडा देते. त्याने भूक मरते. दुधात लोह अत्यल्प असते आणि चहामुळे अन्नातील लोहही नीट शोषले जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाने भूक आणखी मंदावते, हे विशेष.

काऊचिऊच्या घासांत भरविणाऱ्याचे लक्ष मुलाकडे असे. मोबाइलच्या पडद्यासमोर मूल काय खात आहे हे त्यालाही कळत नाही. बळजबरीने तर जेवणाची धास्तीच बसते. काय व केव्हा द्यावे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खावे हे मुलाने.

गुटगुटीतपणाचा सोसही आवरला पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून परिसरातील सहा गावांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो आढळले. तथापि या हलक्या बालकांच्या अंगी चरबी तुलनेने अधिक होती. तेव्हा केवळ साखर-तुपाने वजन वाढविणे हिताचे नव्हे. डाळ, अंडे, पालेभाजी, शेंगदाण्याचे कूट यांना प्राधान्य द्यावे. अख्खा शेंगदाणा लहान मुलास देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

अंगणवाडीच्या वजनतक्त्यावर सलग दोन महिने वाढ न दिसल्यास, गिळताना वारंवार ठसका लागत असल्यास, मूल माती खात असल्यास किंवा निस्तेज दिसल्यास सेविकेने त्यास विनाविलंब महापालिकेच्या दवाखान्यात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.