शाळेचा जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी थोडं थांबा



यंदा जूनमध्ये शाळा उघडली आणि ऑफिसातला जुना कॉम्प्युटर काही केल्या सुरू होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, 'डिस्क बूट फेल्युअर'. सुट्टीभर मेन बटण बंद होतं, त्यात आरे कॉलनीतली ओल. आमच्याकडे पाऊस लागला की कपाटातली हजेरीपुस्तकंसुद्धा दमट लागतात.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, "मॅडम, फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो, संध्याकाळपर्यंत चालू." चालू झालाही असता. पण आम्हाला त्यातलं सामान हवं होतं.

निकालपत्रकांचं काही नाही, ती कागदावर असतात. प्रश्न होता ४३ आवाजांचा. आरेतल्या पाड्यांवरून येणारं मूल घरी वारली ऐकतं आणि पहिलीत आल्यावर पुस्तकातली मराठी त्याला अर्धीच कळते. म्हणून २०१७ साली मी पाड्यावरच्या आजी-आजोबांकडून शब्द, गोष्टी, रानभाज्यांची माहिती मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. एका आजीने शेवळं कशी निवडायची आणि घशाला खाजू नयेत म्हणून त्यात काकडं कशी घालायची ते सांगितलं होतं. आजी आता नाहीत. तो मोबाइलही गेला. राहिली ही एक हार्ड डिस्क, आणि दुसरी कॉपी नाही. चूक माझीच.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय, ते वर्गाच्या भाषेत सांगते. डिस्कवर एक अनुक्रमणिका असते, कोणती फाइल कुठे ठेवली आहे त्याची. क्विक फॉरमॅटने फक्त ही अनुक्रमणिका कोरी होते, आतली पानं बरीचशी तशीच राहतात. पण त्यावर नवीन विंडोज टाकलं की ती पानं खोडून वर दुसरंच लिहिलं जातं. आणि पूर्ण फॉरमॅट केलं, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये सगळ्या डिस्कभर शून्यं लिहिली जातात. मग शोधायला काही उरतच नाही.

आता आम्ही काय केलं ते. आधी कान दिला. डिस्क फिरल्याचा बारीक आवाज येत होता, म्हणजे वीज पोचत होती. मग बटण बंद करून, प्लग काढून डबा उघडला. डिस्कला दोन वायरी असतात, एक विजेची आणि एक माहितीची (साटा केबल). दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवल्या. ओलीने पिना काळवंडतात, त्यामुळे एवढ्यानेही कधी कधी काम होतं. आमचं झालं नाही.

मग बायोस उघडलं. सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबलं की बहुतेक जुन्या मशीनवर ते उघडतं. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९! इथेच निम्मं उत्तर होतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो संपला आणि वरून वीजही बंद असली की बायोस सगळ्या सेटिंग विसरतं. आमची बूटची क्रमवारी बदलली होती, शिवाय साटाचा मोड आयडीईवरून एएचसीआयवर गेला होता. नुसती क्रमवारी दुरुस्त केली तर निळा पडदा येऊन मशीन पुन्हा रिस्टार्ट व्हायची, कारण जुनं विंडोज आयडीई मोडमध्ये टाकलेलं होतं. सेल बदलला, मोड जुन्यासारखा केला आणि विंडोज उघडायला लागलं.

आनंद दोन मिनिटं टिकला. पडदा अडकला आणि आतून मधूनच टक्... टक् ऐकू आलं. म्हणजे सेलचा प्रश्न होताच, पण डिस्कही थकली होती. अशा वेळी विंडोज 'चेक डिस्क' करू का विचारतं. नको म्हणा. ते दुरुस्तीसाठी डिस्कवर लिहितं आणि मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी पळवतं. डिस्क उघडणं किंवा फ्रीजमध्ये ठेवणं असले व्हिडिओतले उपायही नकोत. तिचं वाचणारं डोकं चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, धुळीचा एक कणही त्याला डोंगर आहे.

शेवटी एक टीबीची नवीन डिस्क आणली, उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केली आणि जीएनयू डीडीरेस्क्यू वापरलं. मोफत आहे. ते आधी डिस्कचा चांगला भाग उचलतं, अडेल ते सोडून पुढे जातं, कुठे अडलं त्याची नोंद ठेवतं आणि मग उरलेल्यासाठी परत येतं. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवायला सांगतो ना, तसंच. एक काळजी मात्र घ्या. कमांडमध्ये जुनी डिस्क कोणती आणि नवी कोणती हे उलटं लिहिलंत, तर कोरी डिस्क जुनीवर कॉपी होईल. मी तीनदा तपासून मग एंटर दाबलं. शुक्रवारी दुपारी लावलं, शनिवारी सकाळी झालं.

टकटक सतत येत असेल किंवा बायोसला डिस्क दिसतच नसेल, तर यातलं काही करू नका. वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या. खर्च येतो. आमची टकटक अधूनमधून होती, म्हणून मी धोका पत्करला.

४३ पैकी ४१ फाइल्स नीट आल्या. एक उघडतच नाही. शेवळांची फाइल अकरा मिनिटांची आहे, साडेसात मिनिटांनंतर नुसती खरखर. आजीच्या सुनेला ऐकवली. ती म्हणाली, "पुढचं मी सांगते, या तुम्ही रविवारी." आता सगळ्या फाइल्स नव्या डिस्कवर, माझ्या पेनड्राइव्हवर आणि पाड्यावरच्या एका पालकाच्या मोबाइलमध्ये आहेत.

जुनी डिस्क भंगारात दिलेली नाही. एक तर ती जडसंग्रह नोंदवहीत आहे, निर्लेखन झाल्याशिवाय काढता येत नाही. आणि तिच्यात मुलांचे आधार क्रमांकही आहेत. 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे.