जुन्या स्मार्टफोनची कार्यप्रणाली अद्ययावत करताना

नांगर, कुळव आणि पाभर यांच्या जोडीला आता स्मार्टफोन हेही शेतकऱ्याचे अवजार झाले आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यास स्वतःच्या फोनवरून करता येते. ऐन नोंदणीच्या वेळी फोन अडू नये, म्हणून त्याची निगा आधीच राखणे अगत्याचे आहे.

फोनचे सर्व व्यवहार चालविणाऱ्या मूळ व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. बहुतेक फोनमध्ये ती अँड्रॉइड ह्या नावाची असते. कंपनी तिच्यात वेळोवेळी सुधारणा करते व सुरक्षिततेतील उणिवा बुजविते. मात्र हा पुरवठा कायमचा नसतो. २०२३ सालचा पिक्सेल ८ व २०२४ सालचा गॅलॅक्सी एस२४ ह्या फोनना सात वर्षांची हमी देण्यात आली. परंतु त्यापूर्वीच्या अनेक फोनना तो दोन-तीन वर्षेच मिळाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेटिंगमधील ‘सिस्टिम अपडेट’ ह्या ठिकाणी पाहिले असता ‘आपला फोन अद्ययावत आहे’ असे उत्तर येते. त्याचा अर्थ कंपनीकडे ह्या फोनसाठी देण्यासारखे आणखी काही नाही, एवढाच होय. म्हणून ‘फोनविषयी’ ह्या भागात सुरक्षा सुधारणेची तारीख अवश्य पाहावी. ती काही वर्षांपूर्वीची असल्यास पुरवठा बंद झाला असे समजावे.

सुधारणा उपलब्ध असल्यास पुढील क्रम पाळावा :

१. पिकांची छायाचित्रे, कागदपत्रे व दूरध्वनी क्रमांक यांची प्रत संगणकावर किंवा गूगल खात्यात काढून ठेवावी. खात्याचा पासवर्ड लिहून घरी सुरक्षित ठेवावा.

२. अनावश्यक चित्रफिती काढून जागा मोकळी करावी.

३. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. काम चालू असता फोन बंद करू नये.

४. नोंदणीच्या मुदतीचे अखेरचे दिवस टाळावेत. नवी आवृत्ती जुन्या फोनला जड गेल्यास मागे फिरणे सहसा शक्य नसते.

५. काम संपल्यावर बांधावर जाऊन एक छायाचित्र घ्यावे आणि फोन आपले स्थान बरोबर दाखवितो की नाही, हे पडताळून पाहावे.

पुरवठा बंद झालेला फोन लगेच टाकून देण्याचे कारण नाही. हवामानाचा अंदाज पाहणे, छायाचित्रे काढणे ही कामे त्यावर चालू ठेवावीत. बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत. संदेशातून आलेली ‘अपडेट’ची फाईल कोणत्याही फोनमध्ये कदापि उघडू नये. तिच्यावाटे भामटे खात्यातील रक्कम लांबवितात. परवानाधारक विक्रेत्याकडूनच बियाणे घेण्याची जी दक्षता आपण पाळतो, तीच येथेही पाळावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या बैठकीत उपस्थितांचे फोन उघडून ही तारीख त्यांना प्रत्यक्ष दाखवावी. त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या दिवसांतील पुष्कळ धावपळ वाचेल.