हॉटेलची पाटी आणि कायद्याची रेघ

प्रश्न : माझा मुलगा महामार्गालगत हॉटेल काढतो आहे. लोकांच्या लक्षात राहील म्हणून त्याला ‘हिटलर’ हे नाव द्यायचे आहे. त्याच्या मोबाइलवर ज्यूंना शिव्या देणारे मजकूरही फिरत असतात. हटकले तर म्हणतो, ‘आपल्याकडे ज्यू आहेतच कुठे?’ यात गुन्हा होतो का?
— एक वाचक, मोडनिंब

उत्तर : नुसत्या नावाने गुन्हा होत नाही. २००६ साली खारघरमध्ये ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे रेस्टॉरंट निघाले होते. ज्यू समाजाने आक्षेप घेतला आणि मालकाने थोड्याच दिवसांत नाव बदलले. सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या करवणाऱ्याचे नाव अन्नाच्या दारावर लावणे वाईटच. त्यासाठी कलम शोधावे लागू नये.

गिऱ्हाईक ज्यू आहे म्हणून त्याला हॉटेलात येऊ दिले नाही, तर मात्र राज्यघटनेच्या कलम १५(२)चा भंग होतो. याला शिक्षेचे कलम असेलच असे नाही, पण कृत्य बेकायदाच.

मजकुरांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. धर्मावरून दोन समाजांत वैर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, प्रार्थनास्थळी केल्यास ५ वर्षांपर्यंत. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने एखाद्या समाजाच्या धर्माचा अपमान केल्यास कलम २९९ लागते, धमकी दिल्यास ३५१. या सगळ्यांत हेतू पाहिला जातो. तरीही ‘मी नुसते पुढे पाठवले’ एवढ्यावर सुटका होईल, या भरवशावर राहू नये.

इस्रायल सरकारवर कडक टीका करणे हा मात्र गुन्हा नव्हे. आपल्या सरकारबाबतही तेच: राज्यघटनेचे कलम ३७० हटवण्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर टीका करणाऱ्या कोल्हापूरकडच्या एका प्राध्यापकावरील गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला. टीका सरकारवर करावी. माणसाच्या जन्मावर नव्हे.

आता ‘ज्यू कुठे?’ याचे उत्तर. कोकणात बेने इस्राएल हे ज्यू तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. घरची भाषा मराठी. आडनावे पेणकर, किहीमकर, रोहेकर. २०१६ साली महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुलाला सांगा, त्या पाटीखाली उद्या एखादे रोहेकर कुटुंब जेवायला थांबेल आणि मराठीतच पाणी मागेल. त्यांनी ती पाटी वाचून परत फिरावे, असे त्याला वाटते का?