गोंगाट ओळखल्याशिवाय हेडफोन घेऊ नका

जबलपूरहून अमरकंटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ४५-५० किलोमीटरवर कुंडम लागते. हिरन नदीचा उगम याच परिसरातला. तहसील, जनपद पंचायत, बँक, लोकसेवा केंद्र अशी सगळी सरकारी कामे या एका गावात एकवटलेली, त्यामुळे आसपासच्या गोंड वस्त्यांमधली माणसे दाखल्यांसाठी, खात्यांसाठी, अनुदानासाठी इथेच येतात. अशा ठिकाणी खिडकीआड संगणकावर बसणाऱ्याच्या कानांवर दिवसभर काय काय आदळत असते! डोक्यावर पंखा, उन्हाळ्यात कूलर, वीज गेली की जनरेटर, प्रिंटरची खरखर, बाहेर बसगाड्यांचे भोंगे, लग्नसराईत डीजे आणि या सगळ्यावर एकाच वेळी बोलणारी माणसे. यातून सुटायला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावा असे आता पुष्कळांना वाटते. जबलपूरमध्ये राहून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचे काम करणाऱ्या मराठी तरुणांचीही तीच समजूत असते. माझे म्हणणे असे की, आपल्या कामाच्या जागेतला त्रासदायक आवाज नेमका कोणता हे ठरवल्याखेरीज घेतलेला हेडफोन, मग तो कितीही महाग असो, बहुतेक वेळा चुकीचाच निघतो.

हे यंत्र मुळात कशासाठी जन्मले ते पाहिले की त्याची मर्यादा कळते. एका ध्वनिलहरीवर तिच्या बरोबर उलटी लहर सोडून आवाज शमवायची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळाले. ती कानांपर्यंत आणण्याचा ध्यास अमर बोस यांनी घेतला. हे एमआयटीचे प्राध्यापक, एका बंगाली स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत हेडफोनमधले संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी विमानातच आकडेमोड सुरू केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला, तर सामान्य प्रवाशांसाठीचा २००० मध्ये. म्हणजे हे तंत्र वाढले ते विमानाच्या इंजिनाशी झुंजत. इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीतला, सलग आणि पुढच्या क्षणी कसा असेल याचा अंदाज बांधता येण्यासारखा असतो. हेडफोनमधला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो, चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. संथ झोक्याला नेमक्या वेळी उलटा हात लावला तर तो थांबतो, पण झोका भराभर हलत असेल तर हात लावायची वेळ साधतच नाही, तसेच इथे होते. १०० हर्ट्झच्या घरघरीत एका लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास आणि तिला लागणारा वेळ सेकंदाचा शंभरावा भाग. ३००० हर्ट्झच्या आवाजात तीच लांबी ११ सेंटिमीटर आणि वेळ सेकंदाच्या तीन हजाराव्या भागाइतका. एवढ्यात उलटी लहर अचूक जुळवणे जवळजवळ अशक्य. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर हे तंत्र लंगडे पडते आणि तिथून पुढे आवाज अडवतात त्या कानावरच्या गाद्या किंवा कानात बसणारी रबरी टोपणे.

आता माणसाच्या बोलण्याकडे या. आवाजाचा भारदस्तपणा खालच्या पट्टीत असतो, पण शब्द कळतो तो स, श, च, त, क अशा व्यंजनांवरून, आणि त्यांची बरीचशी ताकद १००० हर्ट्झच्या वरच असते. नेमका तोच भाग हेडफोनच्या तावडीतून निसटतो. पण खरी पंचाईत याच्याही पुढची आहे. पंखा आणि कूलर यांची सलग घरघर शेजारच्या टेबलावरचे बोलणे थोडेफार झाकत असते. हेडफोनने ती घरघर पुसली की ते झाकण उडते आणि शेजारचे बोलणे पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागते. हेडफोन लावल्यावर लोकांची कुजबुज जास्तच जाणवते, ही तक्रार खोटी नव्हे. मन विचलित व्हायला आवाजाचा मोठेपणा लागतोच असे नाही. मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून प्रयोगांतून दाखवत आले आहेत की, आकडे किंवा शब्द लक्षात ठेवायचे काम करताना मागे असंबद्ध बोलणे चालू असले तर चुका वाढतात, आणि तेवढ्याच मोठ्या सलग घरघरीने तितक्या वाढत नाहीत. त्यामुळे ज्याच्या खोलीत यंत्रांचा आवाज जास्त त्याला नॉइज कॅन्सलिंगचा मोठा उपयोग आहे. ज्याच्या खोलीत माणसांचा आवाज जास्त त्याने आधी कान घट्ट झाकणाऱ्या गाद्या पाहाव्यात आणि वर पावसासारखा सलग, हळू आवाज लावावा. गाण्याचे शब्दही शेवटी बोलणेच असतात, हे त्याने विसरू नये.

यावर कोणी म्हणेल की महागडे हेडफोन आता बोलणेही बरेच कमी करतात. खरे आहे. चांगल्या गाद्या आणि वेगवान चिप यांनी फरक पडतोच. पण खोक्यावरच्या ४०-५० डेसिबलच्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुधा एखाद्या अरुंद पट्टीत, प्रयोगशाळेत मिळालेला सर्वांत चांगला आकडा असतो, सगळ्या आवाजांचा नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, की काही रुपयांत मिळणारे फोमचे इअरप्लग का वापरू नयेत? ज्याला फोनवर बोलायचे नाही, नुसते वाचायचे किंवा हिशेब करायचे आहेत, त्याने जरूर वापरावेत. स्वस्त नॉइज कॅन्सलिंगपेक्षा नीट बसवलेला फोम बोलण्याचा आवाज जास्त अडवतो. तिसरा मुद्दा जबलपूरला विशेष लागू पडतो. १९०४ पासूनची गन कॅरिज फॅक्टरी, खमरियाची आयुध निर्माणी, व्हेईकल फॅक्टरी यांच्यामुळे या शहरात यंत्रांच्या कडकडाटात काम करणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथल्या कुणी संगीताचा हेडफोन कानांचे संरक्षण म्हणून वापरू नये. हातोड्याचा किंवा प्रेसचा एकेक आघात शमवण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. तिथे प्रमाणित इअरमफच हवेत.

ज्याला दिवसातून अनेकदा फोनवर बोलावे लागते त्याने तर कानापेक्षा माइकचा विचार आधी करावा, आणि इथेच बाजारात सर्वांत जास्त फसगत होते. स्वस्त इअरबड्सच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ईएनसी’ लिहिलेले असते आणि गिऱ्हाईक तेच नॉइज कॅन्सलिंग समजून घरी आणते. ‘एएनसी’ तुमच्या कानातला आवाज कमी करते. ‘ईएनसी’ तुमच्या माइकमधला आजूबाजूचा गोंगाट गाळते, म्हणजे त्याचा फायदा पलीकडच्याला होतो, तुम्हाला नाही. दोन्ही कामाची आहेत, पण एक घेऊन दुसऱ्याची अपेक्षा ठेवली तर पैसे वाया गेले म्हणून समजा. दुसरी बाब ब्लूटूथची. गाणे ऐकताना दोन्ही कानांत उत्तम आवाज देणारा हेडफोन माइक सुरू होताच बहुतेक वेळा वेगळ्या पद्धतीवर जातो. ती पद्धत फक्त संभाषणासाठी असल्याने आवाज एकदम टेलिफोनसारखा चपटा होतो. हे बिघाडाचे लक्षण नाही, ब्लूटूथची जुनी रचनाच तशी आहे. शिवाय कानाशी असलेला माइक तोंडापासून दूर पडतो आणि खोलीतले सगळे टिपतो. मध्य प्रदेशात १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार आली की तालुक्याच्या पातळीवरच्या कर्मचाऱ्याला तक्रारदाराशी फोनवर बोलावे लागते. अशा वेळी पलीकडच्या माणसाला अर्धे बोलणे ऐकू आले नाही तर तक्रार मिटण्याऐवजी वाढते. तोंडापर्यंत दांडी आलेल्या माइकचा साधा हेडसेट या कामात त्याच्या अनेकपट किमतीच्या संगीताच्या हेडफोनला सहज मागे टाकतो.

आता पुन्हा खिडकीपाशी येतो, कारण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते तिथले. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमी कायदा केला. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणे हा तेव्हापासून तिथल्या नागरिकाचा हक्क आहे. लोकसेवा केंद्राच्या खिडकीवर येणारी बाई कित्येकदा दूरच्या पाड्यावरून आलेली असते, हळू आवाजात बोलते, तिच्या हिंदीत गोंडीचा हेल असतो. तिचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव यांतले एक अक्षर चुकले की दाखला चुकतो, आणि तो दुरुस्त करायला तिला पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. इथे माणसाचा आवाज हा गोंगाट नाही, तेच काम आहे. दोन्ही कान बंद करून बसलेल्या कर्मचाऱ्यासमोर ती मोठ्याने बोलायला संकोचते, हेही लक्षात घ्यायला हवे. बाहेरचे ऐकू देणारी सोय, जिला अँबियंट किंवा ट्रान्सपरन्सी मोड म्हणतात, तीच वापरू असे कोणी म्हणेल. ती उपयोगी आहे, पण माइकमधून पुन्हा आत सोडलेल्या आवाजात दिशा आणि अंतर पुसट होते, गर्दीत कोण बोलले ते कळत नाही, आणि हेडफोन घातलेला दिसतो तो दिसतोच.

गोंगाट कमी करणे हे कर्मचाऱ्याच्या कानांचे काम आहे का, असाही प्रश्न विचारला जाईल. त्यामागचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल आणि निवासी भागात ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मर्यादेबाहेरच्या ध्वनिक्षेपकांवर कारवाईचे आदेशही काढले. जनरेटर भिंतीपलीकडे हलवणे, प्रिंटर वेगळ्या खोलीत ठेवणे, उघड्या भिंतींवर जाड कापड लावणे, खिडकीवर एका वेळी एकच माणूस येईल अशी रांग ठेवणे, हे उपाय सगळ्यांच्या कानांना आराम देतात. पण ते होईपर्यंत काम थांबत नाही, म्हणून हेडफोनचा विचार करावाच लागतो. तो करताना आवाज किती ठेवायचा याचेही भान हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित. त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८६ डेसिबलला फक्त १० तास उरतात. बाहेरची घरघर कमी झाल्यामुळे आतला आवाज कमी ठेवता येणे, हा नॉइज कॅन्सलिंगचा मला पटलेला सर्वांत मोठा फायदा आहे.

मे महिन्यातल्या उकाड्यात कानांवर कृत्रिम चामड्याच्या गाद्या घालून आठ तास बसणे सोपे नाही. त्या घामाने सुटतात, पावसाळ्यात सोलवटतात. म्हणून गाद्या बदलून मिळतात का ते आधी विचारा. चष्म्याच्या दांडीने गादीखाली फट पडते आणि बाहेरची घरघर पुन्हा आत शिरते, तेव्हा चष्मा लावूनच हेडफोन कानावर चढवून पाहा. दुकानातूनच घरी फोन लावा आणि पलीकडच्याला तुमचा आवाज कसा येतो ते विचारा. सर्व्हिस सेंटर जबलपूरमध्ये आहे की नागपूर-भोपाळला, याचीही चौकशी करा.

यंत्रांच्या आवाजात एकट्याने लिहिण्या-वाचण्याचे काम असेल तर चांगल्या गाद्यांचा, दोन्ही कान झाकणारा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्या. दिवसभर मीटिंगा असतील तर दांडीच्या माइकवर पैसे घाला. आणि कुंडमसारख्या ठिकाणी खिडकीवर बसणाऱ्याला एकाच कानाचा, तोंडापाशी माइक असलेला हलका वायरलेस हेडसेट पुरतो, म्हणजे दुसरा कान समोरच्या माणसासाठी मोकळा राहतो. त्याचा खर्च कर्मचाऱ्याच्या पगारातून नव्हे, कार्यालयाच्या खात्यातून व्हावा.